घरचा पोहण्याचा तलाव: गोळ्या बंद, मीठ सुरू

१ फेब्रुवारी

तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली एक मीटर चाळीस. म्हणजे पाणी साधारण ४५,००० लिटर. हा आकडा सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढचा प्रत्येक हिशेब त्याच्यावरच चालणार आहे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, तेव्हा या तलावात १ पीपीएम म्हणजे ४५ ग्रॅम. मीठ असो की क्लोरीन, ४५ ने गुणलं की झालं.

आजवर तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकून काम भागत होतं. आता मिठावर चालणारा क्लोरीनेटर बसवायचं घरात ठरलं आहे. ठरलं म्हणजे काय, धाकट्याचे डोळे पोहून आल्यावर लाल होतात, पाण्याला उग्र वास येतो आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात शेवाळ पुन्हा पुन्हा धरतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. "मिठाचं केलं की क्लोरीन बंद होईल ना?" असं सासऱ्यांनी विचारलं. बाबा, बंद नाही होणार. मिठाच्या तलावातही क्लोरीनच जंतू मारतो, फक्त तो डब्यातून न येता तिथल्या तिथे तयार होतो.

होतं ते असं. पाण्यात थोडं मीठ विरघळवायचं आणि ते पाणी टायटॅनियमच्या पत्र्यांमधून न्यायचं. पत्र्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. कमी दाबाची डीसी वीज सोडली की एका पत्र्यावर क्लोरीन सुटतो, दुसऱ्यावर हायड्रोजन, आणि त्या दुसऱ्या पत्र्यालगतचं पाणी कॉस्टिक, म्हणजे आम्लाच्या उलट, होतं. क्लोरीन लगेच पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनतं. जंतू आणि शेवाळ मारणारं ते हेच. काम झालं किंवा उन्हाने मोडलं की ते परत क्लोराइड होतं, आणि तेच क्लोराइड पुन्हा पत्र्यांपाशी येतं. म्हणून मीठ खर्च होत नाही. बाष्पीभवनानेही जात नाही. पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर, बॅकवॉशमधून (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना), उतू जाऊन किंवा गळतीतून जातं तेवढंच भरायचं.

मिठाचं प्रमाण ३,२०० पीपीएम ठेवायचं आहे. समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात असतं आणि आपले अश्रू ९,००० च्या आसपास. तेव्हा पाणी खारट लागेल ही भीती नको.

८ फेब्रुवारी

यंत्र मागवण्याआधी पाण्याची पूर्ण तपासणी केली. पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. थेंब मोजून करायची चाचणी घेतली. मोकळा क्लोरीन ४, अडकलेला क्लोरीन १, पीएच ७.४, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ११०, कॅल्शियमचा जडपणा ३१०. मीठ न घालताही ते १,१०० निघालं. गोळ्यांचा क्लोरीन वापरला गेला की शेवटी मीठच मागे राहतं, त्याची ही वर्षानुवर्षांची जमा.

खरा आकडा सायन्युरिक ॲसिडचा, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून राखणाऱ्या द्रव्याचा. त्याची चाचणी सोपी आहे, पण घाई करून चालत नाही. तलावाचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण सारखं घेऊन हलवायचं, ते दुधासारखं गढूळ होतं. मग तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतत जायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला तिथला आकडा वाचायचा. आमचा ठिपका नळी अर्धीसुद्धा भरायच्या आत गडप झाला, १०० च्या खुणेच्याही खाली. मग तलावाच्या पाण्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळून पुन्हा केली. ठिपका ७० ला गेला. दुप्पट केलं की १४०.

सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे. गोळ्या म्हणजे ट्रायक्लोर. त्यांच्यातून १० पीपीएम क्लोरीन मिळतो तेव्हा ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिडही पाण्यात पडतं. क्लोरीन संपतो, हे मात्र उरतं. थोडं असावंच लागतं, कारण त्याच्याशिवाय भर उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातो. पण ते क्लोरीनला राखतं म्हणजे धरूनही ठेवतं. हे ॲसिड जितकं जास्त, तितका पाण्यात काम करायला मोकळा राहणारा क्लोरीन कमी. चालत आलेला हिशेब असा की मोकळा क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या साडेसात टक्क्यांखाली जाऊ नये. १४० ला हे साडेदहा होतात. आमच्याकडे ४. चाचणीत आकडा दिसत होता, पाण्यात त्याचा जोर नव्हता.

डोळे लाल होणं आणि वास यांचं कारणही तेच. तो वास जास्त क्लोरीनचा नाही. घाम आणि लघवी यांतल्या नत्राशी क्लोरीन अडकून क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास. क्लोरीन पुरेसा असेल तर तो त्यांना जाळून टाकतो, अपुरा असेल तर ते साचत जातात. स्वच्छ तलावाला वास येत नाही, ही गोष्ट प्रत्येक तलाववाल्या घरात माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

१४ फेब्रुवारी

सायन्युरिक ॲसिड काढायचा खात्रीचा उपाय एकच, पाणी बदलणं. अर्धं पाणी काढायचं ठरवलं. तलाव पूर्ण रिकामा करणार नाही. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामं भांडं खालच्या दाबाने उचललं जातं, निदान तडे जातात. अर्ध्या पाण्याचं वजन आत असलं की तो धोका बराच टळतो.

१७ फेब्रुवारी

भरून झालं. रात्रभर पंप चालवून तपासलं. सायन्युरिक ॲसिड ७०, मीठ ६००, जडपणा २४५, अल्कलिनिटी १२०. नळाच्या पाण्याची अल्कलिनिटी १३० आहे, त्यामुळे ती थोडी वाढली. ती खाली आणावी लागेल, पण आधी शेवाळाचा निकाल.

मिठाचं यंत्र रोजचा क्लोरीन रोज बनवतं. साचलेली घाण एका झटक्यात साफ करायचं ते साधन नाही. शेवाळ धरलेल्या तलावाला सेल (यंत्राचा पत्रे असलेला भाग) जोडला तर तो दिवसभर पूर्ण जोरात चालतो, क्लोरीन बनेल तसा खाल्ला जातो, आणि माणूस म्हणतो यंत्र कुचकामी आहे. म्हणून पाणी आधी स्वच्छ, मग मीठ, मग यंत्र. या क्रमात मी तडजोड करणार नाही.

१९ फेब्रुवारी

पीएच ७.२ वर आणला. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन १० च्या वर गेला की पीएचच्या लाल थेंबांचा रंग भरवशाचा राहत नाही.

शेवाळ मारायला क्लोरीन एकदम वर न्यायचा, ती झटक्याची पातळी. ७० सायन्युरिक ॲसिडला ती २८. आहे ४, हवा २८, म्हणजे २४ पीपीएम. २४ गुणिले ४५, एक किलो ऐंशी ग्रॅम क्लोरीन. दहा टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घेतलं तर पावणेअकरा लिटर. रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी तलावात परत येतं त्या, तोंडासमोर हळूहळू सोडलं, पंप चालू ठेवून. सूर्य मावळल्यावर, म्हणजे उन्हात वाया जात नाही.

उरलेल्या गोळ्या कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून, वेगळ्या कपाटात ठेवल्या. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी एकमेकांना लागली तर आग लागते, स्फोटही होतो. दोन्हींसाठी एकच मोजपात्र वापरायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आज पुन्हा सांगितलं.

२० ते २४ फेब्रुवारी

सकाळ-संध्याकाळ मोजून हायपोक्लोराइटची भर. भिंती, पायऱ्यांचे कोपरे, स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) झडपेच्या मागची बाजू ब्रशने घासली. त्या झडपेमागे हिरवा चिकट थर होता. शेवाळ लपतं ते अशाच ठिकाणी.

२५ फेब्रुवारी

रात्रीची परीक्षा. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा मोजायचा. रात्री ऊन नसतं, तेव्हा जो कमी झाला तो कुणीतरी खाल्ला. घट १ पीपीएमच्या आत असेल तर पाणी स्वच्छ. आमची घट अर्धा पीपीएम. अडकलेला क्लोरीनही अर्ध्यावर आला. वास गेला. मीठ जोडण्याआधीच गेला, हे मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कुणी "मिठामुळे वास गेला" म्हणालं तर ते खरं नाही. पाणी नीट केलं म्हणून गेला.

२ मार्च

क्लोरीन उतरून ६ वर आला. आता अल्कलिनिटी. १२० वरून ७० च्या आसपास. या तलावात १० पीपीएम उतरवायला ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ९०० मिलीलिटर लागतं. एकदम ओतायचं नाही. आम्ल घालून पीएच ७.० ते ७.२ वर आणायचा, मग रिटर्नची तोंडं वर वळवून पाणी खळाळू द्यायचं. खळाळण्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. पीएच चढला की पुन्हा आम्ल. हे काम धीराचं आहे, पुढच्या काही दिवसांत होईल.

एवढा खटाटोप कशासाठी? मिठाच्या तलावात पीएच सतत वर जायला बघतो. पुष्कळजण म्हणतात, पत्र्यावर कॉस्टिक तयार होतं म्हणून. तो हिशेब अर्धाच आहे. तयार झालेला क्लोरीन वापरला जातो तेव्हा तेवढंच आम्ल परत तयार होतं आणि दोन्ही एकमेकांना जवळपास फेडतात. पीएच चढतो तो कार्बन डायऑक्साइड उडून जातो म्हणून, आणि हायड्रोजनचे बारीक बुडबुडे तो उडवायला मदत करतात. अल्कलिनिटी कमी असली की उडायला कार्बन डायऑक्साइडच कमी असतो. म्हणून ७०.

९ मार्च

यंत्र आलं. सेल तासाला ३५ ग्रॅमचा. निवडताना हिशेब असा केला: कडक उन्हात रोज ४ पीपीएम क्लोरीन जातो असं धरलं तर १८० ग्रॅम हवेत. पंप आठ तास चालतो. तासाला २५ ग्रॅमचा सेल घेतला असता तर तो ९० टक्क्यांवर राबला असता. ३५ चा ६५ टक्क्यांवर भागवतो. टक्के म्हणजे त्या आठ तासांत सेलमधून वीज किती वेळ वाहते ते. सेलचं आयुष्य साधारण १०,००० तासांचं धरतात आणि ते वीज वाहिलेल्या वेळातूनच संपतं. दिवसाला सव्वापाच तास वीज वाहिली तर पाच वर्षं ओलांडून जातात. एक माप मोठा सेल घेणं मला त्यामुळे शहाणपणाचं वाटलं.

११ मार्च

बसवण्याआधी काठाची पाहणी. मीठ पाण्यात असतं तोवर फारसा त्रास देत नाही. काठावर उडालेलं पाणी वाळतं तेव्हा मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक धरतं आणि दगड आतून फुगवून त्याचे पापुद्रे काढतं. चुनखडी आणि मऊ वालुकाश्म यांना हे सोसत नाही. आमच्या काठाला पक्क्या भाजलेल्या फरशा आहेत, सांधे तेवढे जुने. ते भरून घेतले. काठ मऊ दगडाचा असता तर मी हा बदल केलाच नसता.

शिडी स्टेनलेस स्टीलची आहे पण ३०४ प्रतीची. क्लोराइडला तोंड द्यायला ३१६ बरी, तिच्यात मॉलिब्डेनम असतं. शिडीच्या बुडाशी, जिथे ती काठात रोवली आहे, तिथे तांबूस ठिपके आताच दिसतात. तूर्त घासून साफ केली. जस्ताचा बळीचा तुकडा तलावाच्या धातूंशी जोडून घेणार आहे. जस्त आधी झिजतं आणि स्टीलला वाचवतं. पुढे शिडी बदलावी लागेल हे गृहीत धरलं आहे.

१५ मार्च

जोडणीचा दिवस. सेल फिल्टरच्या पुढे, तलावाकडे परतणाऱ्या पाइपवर, सगळ्यात शेवटी. तिथे पाणी गाळलेलं असतं आणि ताजा ताकदवान क्लोरीन पंप किंवा फिल्टरमधून जात नाही. दोन्ही बाजूंना युनियन जोड ठेवले, म्हणजे सेल हाताने काढता येईल.

वीजमिस्त्री काळजीचा माणूस. यंत्राची वीज पंपाच्या टायमरनंतर घेतली, म्हणजे पंप बंद तर यंत्रही बंद. गळती-संरक्षक स्विच लावला. शिडी, पंपाची बॉडी, जस्ताचा तुकडा, सगळे धातू एका तारेने बांधून अर्थिंगला जोडले. मग मी म्हटलं, प्रवाह-स्विच तपासून दाखवा. पाणी थांबलं आणि सेलमध्ये वीज चालूच राहिली तर हायड्रोजन तिथेच साठतो, आणि त्याने सेल फुटल्याची उदाहरणं आहेत. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत आणला. पाइपमधला आवाज बदलला, आणि थोड्याच वेळात हिरवा दिवा जाऊन लाल लागला. "ताई, पाणी नाही तर हा वीज घेतच नाही, बघा," म्हणाले. मी त्यांच्याकडून ते पुन्हा करून घेतलं. मग सेल बंद ठेवला. मीठ अजून पडायचं आहे.

१६ मार्च

झटक्याच्या हायपोक्लोराइटमधूनही मीठ वाढलं होतं. आज ७०० च्या आसपास. ३,२०० ला २,५०० कमी, म्हणजे २,५०० गुणिले ४५ ग्रॅम, ११२ किलो ५०० ग्रॅम. पंचवीस किलोच्या चार गोण्या आणि वर अर्धी.

मीठ ९९ टक्क्यांहून शुद्ध, आयोडीन नसलेलं, आणि गोळा होऊ नये म्हणून घालतात ती द्रव्यं नसलेलं. मिठात लोह किंवा मँगनीज असेल तर भिंतीवर डाग पडतात.

आधी चारच गोण्या. जास्त झालेलं मीठ काढायला पाणीच ओतून द्यावं लागतं, कमी पडलेलं कधीही घालता येतं. उथळ बाजूने काठावर चालत पसरत गेलो, स्किमरमध्ये एक दाणाही जाऊ दिला नाही. पंप चालू, तळाचं तोंड उघडं. मोठ्या मुलीने ब्रशने ढीग मोडले. विरघळणारं मीठ तळाशी बघण्यासारखं असतं. जड खारं पाणी उताराने खोल बाजूला सरकत जातं आणि त्याच्या लाटांतून तळाच्या फरशांच्या रेघा हलल्यासारख्या दिसतात. त्या रेघा स्थिर दिसेपर्यंत मिसळणं झालेलं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं.

१८ मार्च

मिठाची चाचणी चांदीच्या नायट्रेटने. नमुन्यात क्रोमेटचा पिवळा रंग, मग एकेक थेंब, पिवळ्याचा विटकरी होईपर्यंत. एक थेंब २०० पीपीएम. पंधराव्या थेंबाला रंग पालटला, म्हणजे २,८०० ते ३,००० च्या मध्ये. हिशेबाने २,९०० यायला हवं होतं. अर्धी गोणी घातली.

१९ मार्च

सकाळी सोळा थेंब. क्लोरीन हायपोक्लोराइटने ५ वर आणून ठेवला आणि मग सेल सुरू केला, ५० टक्क्यांवर. झाकण पारदर्शक आहे. पत्र्यांमधून दुधाळ धुकं निघून पाण्याबरोबर रिटर्नकडे जाताना दिसतं. ते हायड्रोजनचे बुडबुडे. बाबा बराच वेळ तिथे उभे होते.

२ एप्रिल

क्लोरीन ४ आणि ५ च्या मध्ये टिकून आहे. सायन्युरिक ॲसिड ७० असताना मिठाच्या तलावाला पाच टक्के पुरतात, म्हणजे साडेतीन, कारण क्लोरीन दिवसभर थोडा थोडा येत राहतो आणि मध्ये खड्डा पडत नाही. गोळ्यांच्या वेळी सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी भलताच, असं व्हायचं. तो चढउतार गेला.

पीएच मात्र आठवड्यात ७.६ वरून ७.९ ला जातो. ३०० मिलीलिटरच्या आसपास आम्ल घातलं की परत ७.६. श्रमाची जागा बदलली आहे. आधी लक्ष क्लोरीनवर असायचं, आता पीएचवर. हे काम आधीच्यापेक्षा थोडकं आहे, पण कुणी "मिठाचा तलाव स्वतःची काळजी घेतो" असं सांगून यंत्र विकत असेल तर ते खोटं आहे.

१३ एप्रिल

पाण्याचा स्पर्श मऊ लागतो असं सगळेच म्हणतात. धाकट्याचे डोळे आता लाल होत नाहीत.

१० मे

ऊन वाढलं. सेल ६५ टक्क्यांवर नेला.

२४ मे

रिटर्नच्या तोंडाखाली, तळाशी, पांढऱ्या पातळ खपल्या पडलेल्या सापडल्या. नखाएवढ्या, बोटात धरल्या की भुगा होणाऱ्या. आम्लाचा थेंब टाकला तर फसफसल्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच वेळी यंत्र मीठ २,७०० दाखवत होतं आणि थेंबांची चाचणी ३,२००. यंत्र मीठ मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघून अंदाज करतं. पत्र्यांवर थर चढला की त्याचा अंदाज घसरतो. तेव्हा अशा वेळी मीठ घालायचं नाही, सेल उघडायचा.

वीज पूर्ण तोडून सेल काढला आणि उजेडाकडे धरला. पत्रे वहीच्या पानांसारखे एकमेकांलगत उभे असतात, मधून उजेड सरळ आरपार दिसायला हवा. एका टोकाला दोन पत्र्यांमधली फट पांढऱ्या कवचाने बुजली होती. पत्र्याजवळचं पाणी कॉस्टिक असतं म्हणून चुना तिथेच आधी बसतो. यंत्र दर काही तासांनी विजेची दिशा उलटवतं. काल कॉस्टिक असलेला पत्रा आज आम्लाचा होतो आणि थर सोडतो. तळाशी आलेल्या खपल्या त्याच. पण थर बसायचा वेग जास्त असला की उलटवणं पुरत नाही.

आधी नुसत्या पाण्याच्या जोराच्या धारेने धुतलं, बरंच निघालं. उरलेल्यासाठी चार भाग पाण्यात एक भाग आम्ल. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. सेल उभा धरून आत ओतलं, फेस वर आला, फसफस थांबली की लगेच काढून स्वच्छ धुतलं. लोखंडी किंवा कसलीही टोकदार वस्तू आत घालायची नाही. लेप खरवडला गेला तर पत्रा कामातून जातो. आम्लही हौसेने वरचेवर वापरायचं नाही, त्यानेही लेप झिजतो.

कारण शोधलं. विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये पाणी चुना सोडेल की खाईल हे सांगणारा निर्देशांक मांडला, शहरांच्या पाणीपुरवठ्याचे पाइप वाचवण्यासाठी. तलावाला तोच लागू होतो. पीएच, अल्कलिनिटी, जडपणा, तापमान आणि विरघळलेले क्षार घालून तो काढायचा. शून्याच्या वर गेला की थर बसतो. ऊन वाढून पाणी तापलं, सुट्टीत मुलांनी कारंजं दिवसभर चालू ठेवलं, पाणी खळाळलं, पीएच ८.२ वर गेला. तापमान आणि पीएच दोन्ही एकाच दिशेने ढकलत होते. आता कारंजं तासभरच. अल्कलिनिटी ६० वर आणली. मिठाच्या तलावात निर्देशांक शून्याच्या किंचित खाली, उणे ०.३ पर्यंत, ठेवणं मला योग्य वाटतं. सेलला ते मानवतं आणि भिंतींच्या गिलाव्यालाही खात नाही.

बोरिक ॲसिड घालून ५० पीपीएम बोरॉन ठेवला तर पीएच आणखी सावकाश चढतो. या तलावाला तेरा किलोच्या जवळपास लागेल. पण आमचा कुत्रा तलावाचं पाणी पितो, म्हणून ते घालणार नाही.

२० जून

खपल्या पुन्हा नाहीत. पीएच आठवडाभर ७.६ ते ७.८. आम्ल आता निम्म्यावर आलं.

८ जुलै

रात्रभर जोराचा पाऊस, तलाव भरून उतू गेला. लगेच तपासलं नाही. पावसाचं हलकं पाणी वरच तरंगतं आणि तिथला नमुना मीठ भलतंच कमी दाखवतो. पंप दिवसभर चालवला आणि कोपरभर खोलीवरून पाणी घेतलं. चौदा थेंब, २,८००. ४०० कमी, म्हणजे १८ किलो. घातलं. मिठाबरोबर सायन्युरिक ॲसिडही पातळ होतं हे विसरून चालणार नाही. ते ६० निघालं.

बॅकवॉशचं पाणी आधी झाडांना सोडायचो. आता ते थेट सांडपाण्याच्या वाटेला. ३,२०० पीपीएमचं पाणी पुष्कळ झाडांना सोसत नाही आणि मीठ साचत गेलं की मातीही बिघडते.

१६ सप्टेंबर

सेल पुन्हा उघडून बघितला. फटी स्वच्छ. आम्ल लागलं नाही. जस्ताचा तुकडा खडबडीत, पांढरट झाला आहे, म्हणजे काम करतो आहे. शिडीच्या बुडाचे ठिपके तेवढेच.

५ डिसेंबर

पाणी थंड झालं तसा यंत्राने पुन्हा मीठ कमी असल्याचा दिवा लावला. थेंबांनी ३,२००. पाण्याची वीजवहनक्षमता दर अंश सेल्सिअसला साधारण दोन टक्क्यांनी घटते, म्हणून यंत्राला मीठ कमी वाटतं. मीठ घातलं नाही. पाणी १५ अंशांच्या खाली जायला लागलं की बरेच सेल वीज घेणं बंदच करतात, आणि ओढूनताणून चालवलं तर लेप झिजतो. सेल बंद केला. थंडीत शेवाळ सावकाश वाढतं आणि ऊनही कमी असतं. आठवड्यातून थोडं हायपोक्लोराइट हाताने घातलं की क्लोरीन ४ वर राहतो. पाणी पुन्हा तापलं की आधी सायन्युरिक ॲसिड मोजायचं, ६० ते ८० मध्ये आणायचं, ओ-रिंगला सिलिकॉनचं वंगण लावून सेल जोडायचा, आणि वीज द्यायच्या आधी व्हॉल्व्ह बंद करून लाल दिवा लागतो का ते बघायचं.